टाके निघाले, पुढे काय?

छातीचे ऑपरेशन होऊन वर्ष-सहा महिने झालेल्या बाईच्या हाताकडे सर्वांत आधी कुणाचे लक्ष जात असेल, तर ते कासाराचे. डाव्या हातात दोन-चारची बांगडी सहज चढते आणि उजव्या हातात तीच बोटांच्या मुळाशी अडून बसते. कासार म्हणतो, ‘‘अंगाने भरलात ताई,’’ आणि आपणही हसून दोन-सहा भरून घेतो. पण मैत्रिणींनो, अंगाने भरायचे तर दोन्ही हात भरतील. एकच हात कसा भरेल?

एका हाताची बांगडी घट्ट होणे, अंगठी निघता निघत नाही असे होणे, ब्लाऊजची एकच बाही दंडाला काचणे, संध्याकाळी हात जड-जड वाटणे, हे सारे त्या बाजूला सूज येऊ लागल्याची लक्षणे आहेत. कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये स्तनाबरोबर काखेतल्या गाठीही काढतात, किंवा त्या जागी किरणांचा शेक देतात. मोरीच्या तोंडाशी जाळी असते ना, तशा या काखेतल्या गाठी. हातातले पाणी त्यांच्यामधून गाळले जाऊन परत रक्ताकडे जाते. वाटच अडली की ते पाणी हातात साचते. ऑपरेशननंतर लगेच नाही झाले म्हणून सुटलो, असेही नाही. कुणाला सहा महिन्यांनी होते, कुणाला पाच-सहा वर्षांनी.

पहिल्या-पहिल्यांदा रात्री हात उशीवर ठेवून झोपले की सकाळी सूज उतरलेली असते, म्हणून बायका दुर्लक्ष करतात. नेमकी हीच वेळ दाखवण्याची. या दिवसांत मापाची घट्ट बाही, पट्टी, विशिष्ट तऱ्हेचे मालीश आणि व्यायाम यांनी ती पुष्कळ आटोक्यात राहते. पुढे आतले मांस कडक होऊन बसले की मग हात पूर्वीसारखा होणे कठीण.

घरी शिवणाचा टेप असतोच. कोपराच्या वळीपासून दहा सेंटीमीटर वर आणि दहा सेंटीमीटर खाली अशा दोन ठिकाणी दोन्ही हातांचे माप घ्यावे आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. ऑपरेशनच्या आधीच एकदा घेतले तर फारच उत्तम, कारण कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो. महिन्याकाठी एकदा मोजावे. दोन सेंटीमीटरचा किंवा जास्त फरक दिसला, किंवा आकडा दर महिन्याला थोडा-थोडा पुढेच सरकत राहिला, तर डॉक्टरांकडे वही घेऊन जावे. त्या हाताला तव्याचा चटका, विळीची चीर, काटा लागू न देण्याची खबरदारी घ्यावी. लागलेच तर साबणाने धुऊन मलम लावावे. आणि हात एकाएकी लाल, गरम झाला, ताप भरला, तर ती साधी सूज नव्हे. त्यात जंतू शिरलेले असतात. त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवे, उद्याच्या बाजारासाठी थांबू नये.

हा विषय या सदरात घ्यावा असे वाटले, त्याला कारण आहे. गाठीबद्दल आता पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आशाताई घरी येऊन विचारतात, शिबिरे होतात. पण ऑपरेशन झाले, टाके निघाले, की सगळ्यांना वाटते संपले. घरच्यांना वाटते, डॉक्टरांना वाटत नसले तरी आपल्याला वाटते. त्यानंतर काही वेगळे दिसले तर एकच उत्तर ठरलेले असते, ‘‘टाक्याचं दुखते वं माय, दुखणारच ना!’’ बरं, हे पुष्कळदा खरेही असते. म्हणूनच काय चालेल आणि काय दाखवायलाच हवे, हे वेगळे करून सांगणे भाग आहे. ऑपरेशन म्हणजे इथे फक्त कर्करोगाचे नव्हे. अंगावर पाजणाऱ्या बाईचे गळू फोडलेले असते, तरुण मुलीची साधी गाठ काढलेली असते. या तिघींच्याही कामाचे यात काही ना काही आहे.

आधी चालण्यासारखे सांगते. जखमेभोवती निळे-जांभळे होणे आणि मग पिवळे पडत जाणे. टाक्यांची रेघ कडक, उंचवट्यासारखी लागणे. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या, कारण काखेतून जाणारी एक बारीक नस ऑपरेशनमध्ये दुखावते किंवा कापली जाते. अधूनमधून सुई टोचल्यासारखी कळ. पूर्ण स्तन काढलेल्या काही जणींना नसलेल्या स्तनालाच खाज आल्यासारखे वाटते. आपल्याला वेड तर लागले नाही ना, असे वाटून बाई ते कुणाला सांगत नाही. वेड वगैरे काही नाही, हे होते. काखेतून कोपरापर्यंत आत दोरी ताणल्यासारखी लागणे हेही दिसते. ते व्यायामाने जाते, पण व्यायाम विचारून करावा. भिंतीवर बोटे चढवत नेणे हा त्यातला सोपा. स्वतःची वेणी स्वतःला घालता आली की हात मोकळा झाला असे समजावे.

जखमेखाली पाणी साचून फुगवटा येतो, दाबला की डुचमळतो. हेही नेहमीचेच आहे आणि डॉक्टर सुईने ते काढून टाकतात. घरी दाबून काढू नये. नळी लावून घरी पाठवले असेल तर रोज किती पाणी आले ते लिहावे. पाणी आधी लालसर, मग गुलाबी, मग पिवळसर होत जाते. उलट दिशेने जाऊ लागले, म्हणजे पिवळे पाणी पुन्हा लालभडक झाले, तर फोन करावा.

आता ज्याला थांबायचे नाही असे. ऑपरेशननंतर काही तासांत किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत ती बाजू एकदम ताणून फुगली आणि ठणका असह्य झाला, तर आत रक्त साचत असते. जखमेतून पू, घाण वास, लाली रोज पसरत जाणे, टाके उसवणे, थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना. ताप किती, असे विचारतात म्हणून सांगते, १००.४ पासून पुढे. घरात थर्मामीटर असू द्या, कपाळाला हात लावून चालत नाही. आणि जिची किमो चालू आहे तिला एवढा ताप आला तर रात्र असली तरी निघायचे. किमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, अंगात लढायला शिपाईच नसतात. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे या एका बाबतीत जिवावर बेतते. कुठल्याही ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागून छातीत दुखू लागले, तर १०८ ला फोन करावा. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते.

शेकण्याबद्दल एक सांगायचे राहील. आपल्याकडे दुखले की शेकायचे, एरंडाचे पान गरम करून बांधायचे. ऑपरेशनची जागा बधिर असते, चटका बसलेला कळतच नाही. गरम पाण्याच्या पिशवीने मोठमोठे फोड आलेले असतात आणि बाईला पत्ता नसतो. त्यात भर म्हणजे किरणांच्या उपचारालाही आपण ‘शेक’च म्हणतो. ‘‘डॉक्टरांनी पंचवीस शेक सांगितलेत,’’ हे ऐकून सासूबाई पिशवी भरायला घेतात! किरणांच्या जागेवर तर पिशवी, हळद, बाम, अत्तर काहीच नको. जखमेवर हळदही नको. हळद भाजीत छान.

बाळंतिणीच्या गळवाचे थोडे वेगळे. गळू फोडून पू काढला की आठ-पंधरा दिवसांत जागा भरत यायला हवी. दूध साचू द्यायचे नाही, कोणत्या बाजूने पाजायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यायचे. पण महिना झाला, दीड महिना झाला, जखम भरते आणि पुन्हा फुटते, शेजारी दुसरे तोंड पडते, गोळ्यांचा कोर्स बदलून-बदलून दिला जातो, असे चालले असेल तर तिथे थांबा. स्तनाचा क्षयरोग आपल्या देशात आजही दिसतो आणि तो असाच वाहत राहतो. क्षय नसतानाही दाह होऊन गाठी येणारा, तसाच चिवट आणखी एक आजार आहे. त्याचे औषध वेगळे. आतला तुकडा तपासल्याशिवाय ही दोन्ही ओळखू येत नाहीत. पाजत नसलेल्या बाईचा स्तन एकाएकी लाल, जड झाला आणि औषधांचा एक कोर्स पूर्ण होऊनही लाली गेली नाही, तर तुकडा तपासणे अधिकच निकडीचे, कारण कर्करोगाचा एक प्रकार अगदी गळवाचे सोंग घेऊन येतो.

तुकड्यावरून आठवले. गाठ काढली म्हणता, तर ती गाठ गेली कुठे? हा प्रश्न मी माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणींना विचारला. एकीने सांगितले, यजमानांना डबीत दाखवली होती. पुढे? पुढे माहीत नाही. काढलेली प्रत्येक गाठ, साधी दिसणारीसुद्धा, तपासायला गेलीच पाहिजे आणि तिचा लेखी रिपोर्ट आपल्या हातात आलाच पाहिजे. ‘‘साधीच होती, काळजी करू नका,’’ हे तोंडी उत्तर पुरे नाही. तपासणीच्या ठिकाणी गाठीचे तुकडे मेणात घालून ब्लॉक बनवतात. पुढे कधी गरज पडली तर त्याच ब्लॉकवरून औषध ठरवण्याच्या तपासण्या होतात, म्हणून रिपोर्टवरचा नंबर जपून ठेवावा. लग्नाच्या मुलीची गाठ असली की घरचे लोक कागदच ठेवत नाहीत, कुणाला दिसू नये म्हणून. मला याचा राग येतो. कागद फाडल्याने आजार फाटत नाही, आणि साधी गाठ असेल तर तोच कागद पुढे तिला निर्धास्त करतो.

ऑपरेशनला महिने-वर्षे उलटल्यावर काय पाहायचे? आमच्याच गावातल्या एका बाईंच्या वणाच्या रेघेवर मसुराच्या डाळीएवढे दोन-तीन कडक ठिपके आले होते. न दुखणारे. त्यांना वाटले, आत विरघळणाऱ्या टाक्याच्या गाठी राहिल्या. ऑपरेशन होऊन दोन वर्षे झाली होती, टाके कधीच विरघळले होते. दाखवायला सात महिने गेले. आजार परतला होता, उपचार पुन्हा पहिल्यापासून. त्या आज आहेत, औषधे चालू आहेत, पण ते सात महिने त्यांना अजून टोचतात.

तर वणावर किंवा त्याच्या आसपास नवा दाणा, नवी गाठ, काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत गाठ, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, बोंडावर खरूज-इसबासारखे होऊन मलमाने न जाणे, यांतले काहीही दिसले तर आठवड्याच्या आत दाखवावे. दुखत नाही म्हणून बरे, असे मानू नये. अशी प्रत्येक गाठ वाईटच असते असेही नाही. ऑपरेशनमध्ये दुखावलेली चरबी मरून तिचीच दगडासारखी गाठ होते, आणि ती निरुपद्रवी असते. पण हाताला दोन्ही सारख्याच लागतात. सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि लागल्यास सुईची तपासणी, यांनीच फरक कळतो. किरण घेतलेल्या जागी पुष्कळ वर्षांनी मार लागल्याशिवाय जांभळे डाग उमटले आणि गेले नाहीत तर तेही दाखवावे. हे क्वचित होते, पण होते. हाडात एकाच जागी दिवसेंदिवस वाढणारे दुखणे, आठवड्यांमागून आठवडे न जाणारा कोरडा खोकला, दम, कावीळ हे छातीपासून लांबचे वाटतात, तरी डॉक्टरांना ‘‘माझे छातीचे ऑपरेशन झालेले आहे’’ हे आधी सांगावे. कंबरदुखीच्या गोळ्या घेत बसू नये.

महिन्यातून एकदा स्वतः हात फिरवून पाहावे, पाळी येते त्यांनी पाळीनंतरच्या आठवड्यात, जात असेल त्यांनी एक तारीख ठरवून. न्हाताना साबणाच्या हाताने, तीन बोटांच्या पेरांनी. वणही पाहायचे, दुसरी बाजूही. दुसऱ्या बाजूला सगळे विसरतात. कर्करोगाच्या ऑपरेशननंतर साधारण पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा डॉक्टरांनी तपासायचे असते, आणि राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. 

हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने (हे रुग्णालय १९४१ पासून आहे) १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठे काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमधल्या स्त्रियांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, यंत्र नाही, काही नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले. ही तपासणी आजार न झालेल्या बायकांची होती, तरी शिकलेल्या हाताची किंमत त्यातून कळते. ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरने ‘‘तपासू का?’’ म्हटले की पदर सावरून ‘‘नको’’ म्हणू नये.

बोंडातून पाणी येण्याचा प्रश्न बायकांना फार घाबरवतो. न दाबता, एकाच बाजूने, रक्ताचे किंवा पाण्यासारखे स्वच्छ येत असेल तर लवकर दाखवा. दोन्ही बाजूंनी दुधासारखे येत असेल, मूल लहान नसेल, दिवस गेलेले नसतील, तर कारण बहुधा वेगळे असते. छातीवरच्या जखमेने किंवा ऑपरेशनने तिथल्या नसा चाळवून दूध उतरवणारा रस वाढू शकतो. थायरॉईडमुळे होते. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिथल्या लहान गाठीमुळेही होते, आणि मग पाळी चुकते, डोके दुखते, नजर अधू होते. आणि पुष्कळदा कारण आपल्या पर्समध्येच असते. ऑपरेशननंतर उलटी-पित्तासाठी जी गोळी देतात तिच्यात बरेचदा डोमपेरिडोन असते. पंधरा दिवसांसाठी दिलेली ती गोळी आपण चिठ्ठी दाखवून वर्षभर आणत राहतो. तिने दूध येऊ शकते. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही येते, पण त्या मनाने बंद करायच्या नसतात. सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या. दरम्यान येते का, येते का म्हणून दाबून पाहू नका, दाबल्याने आणखी येते.

टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. ही गोळी पाच-पाच, काहींना दहा वर्षे घ्यायची असते. अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते, म्हणून गुपचूप बंद करणाऱ्या आहेत. त्रास सांगा, त्याला उपाय असतो. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर थेंबभर असले तरी दाखवा, कारण या गोळीने गर्भाशयाच्या अस्तरावर परिणाम होतो. आणि गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत.

आता जायचे कुठे? आपल्या मालेगावात ग्रामीण रुग्णालय, पुढे वाशीमचे जिल्हा रुग्णालय, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि कर्करोगाचेच असेल तर नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय. तापाला, जखमेला जवळचा दवाखाना गाठा. गाठीला, वणावरच्या दाण्याला जिथे ऑपरेशन झाले तिथे किंवा मोठ्या ठिकाणी. खर्चाची धास्ती घेऊन घरी बसू नका, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन, किमो आणि किरण हे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारा.

डॉक्टरांसमोर ‘‘तिकडे जरा त्रास आहे’’ असे म्हणून गप्प बसू नये. कोणत्या बाजूला, कधीपासून, वाढते आहे की तसेच आहे, दुखते की नाही, एवढे घरूनच चिठ्ठीवर लिहून न्यावे. तोंडाने सांगवले नाही तर चिठ्ठी पुढे करावी. सोबत यजमान येणार असतील तर त्यांना बसमध्येच सांगून ठेवा की प्रश्न विचारला तर उत्तर तुम्ही द्याल. फाईलमध्ये ऑपरेशनचा कागद, गाठीचा रिपोर्ट, किमो-किरणांच्या तारखा, हाताच्या मापाची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटे असू द्या. जुन्या फिल्म्स कपाटावर गुंडाळून ठेवू नका, सपाट ठेवा आणि त्याही न्या, कारण नवीन फिल्म जुनीच्या शेजारी धरून पाहिली तरच नवे काय ते डॉक्टरांना दिसते. आणि ब्लाऊज पुढून उघडणारा घाला.